दवाखान्याची इमारत आणि आपले आजी-आजोबा



‘आमच्या गावचा दवाखाना’ या विषयावर मुलांना दहा ओळी लिहायला सांगून बघा. डॉक्टर येतील, नर्सताई येतील, इंजेक्शन तर हमखास येईल. इमारत मात्र येणार नाही. पायऱ्या किती, बसायला बाक कसा, संडास कुठे, हे कुणीच लिहिणार नाही. यात मुलांचं काही चुकत नाही. ज्याचे पाय, डोळे, कान धडधाकट आहेत त्याच्या नजरेत इमारत भरतच नाही. ती जाणवायला लागते सत्तरीनंतर, किंवा सत्तरीतल्या माणसाचा हात धरून आपण तिथे जातो तेव्हा.

आजचा पाठ या इमारतीचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्ती १० कोटींहून अधिक होत्या आणि महाराष्ट्रात त्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या जवळजवळ १० टक्के होतं. म्हणजे दहा माणसांत एक. आता केसपेपरच्या रांगेकडे नजर टाका. तिथे दहांत एकच पिकलं केस दिसतं का?

अनेक घरांत घडणारी एक गोष्ट आठवा. आजी रिक्षातून उतरून स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेल्या. न्यूमोनिया होता, तो आठ दिवसांत बरा झाला. घरी आल्या तेव्हा मात्र मोरीपर्यंतसुद्धा एकट्याने जाता येईना. घरचे म्हणतात, ‘आता वयच झालं.’ पण वय आठ दिवसांत होत नाही. आजारपणाने शक्ती जाते हे खरंच, पण काही शक्ती त्या आठ दिवसांत जिथे राहावं लागलं त्या जागेनेही घेतलेली असते. हे कसं होतं ते समजून घेऊया.

वय झालं म्हणजे नेमकं काय होतं?

आधी डोळे. मोतीबिंदू नसला तरी डोळ्यातलं भिंग वयानुसार पिवळसर आणि दाट होत जातं, बाहुलीही लहान होते. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणजे सिस्टरला जो व्हरांडा ‘चांगला उजेडाचा’ वाटतो, तो आजोबांना तिन्हीसांजेसारखा दिसतो. पिवळ्या भिंगामुळे निळा आणि हिरवा, किंवा फिकट निळा आणि राखाडी, असे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. उलट गुळगुळीत फरशीवर पडलेलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब त्यांच्या डोळ्यांना फार टोचतं. चकचकीत फरशी ओली वाटते आणि माणूस बिचकत, पाय घासत चालायला लागतो. फिकट फरशीवर काळं पायपुसणं टाकलं, तर स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला तिथे खड्डा आहे असंही वाटू शकतं.

मग कान. म्हातारपणी आधी उच्च पट्टीचे आवाज जातात. मराठीत सांगायचं तर स, श, फ, ट ही व्यंजनं निसटतात आणि स्वर तेवढे कानावर पडतात. गोंगाटात ‘सात नंबर’ पुकारला तर आजोबांना तो ‘आठ नंबर’ ऐकू येतो, आणि मग खिडकीवरचा माणूस ओरडतो, ‘किती वेळा सांगायचं?’ ओरडल्याने काही फायदा होत नाही, कारण ओरडताना स्वर मोठे होतात, स आणि ट काही स्पष्ट होत नाहीत. अंकांचा मोठा फलक लावला तर प्रश्न तिथल्या तिथे सुटतो.

गुडघे, तोल आणि पकडीबद्दल फार सांगायला नको, घरोघरी अनुभव आहे. एक बाब मात्र घरातही कुणी बोलत नाही, ती म्हणजे लघवी. उतारवयात रात्री दोन-तीनदा उठावं लागतं आणि थांबवून धरता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण दवाखान्यातल्या निम्म्या अडचणींचं मूळ तिथे आहे.

फाटकापासून खाटेपर्यंत

दवाखाना सुरू होतो फाटकापाशी. आपल्याकडे पावसापाण्यामुळे जोतं उंच ठेवायची पद्धत आहे. चार पायऱ्या तर असतातच. शेजारी उतार बांधलेला असतो, पण तो बऱ्याचदा बघण्यापुरता. भारतातल्या सुगमतेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार उताराचं प्रमाण १:१२ पेक्षा तीव्र नसावं. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. चार पायऱ्यांची उंची साधारण ६० सेंटीमीटर धरली, तर उतार ७ मीटर २० सेंटीमीटर लांब हवा. जागा वाचवायला तो तीन मीटरमध्ये उरकला की प्रमाण होतं १:५. त्यावरून खुर्ची ढकलणारा मुलगाही धापा टाकतो, आणि उतरताना खुर्चीतल्या माणसाचा जीव मुठीत असतो. दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा तो वेगळाच. ‘दोन्ही’ यासाठी, की अर्धांगवायू झालेल्या माणसाला जाताना ज्या हाताने कठडा धरता येतो, तो हात येताना दुसऱ्या बाजूला असतो.

आत आलं की बाक. तीन-चार आसनं जोडलेला, थंडगार, मागे कललेला आणि मध्ये हात टेकायला काही नसलेला लोखंडी बाक तुम्ही पाहिलाच असेल. गुडघे दुखणारा माणूस उठताना दोन्ही हातांनी खाली रेटा देतो. रेटा द्यायला हातच नसतील, तर तो शेजाऱ्याचा खांदा धरतो किंवा उठायचंच टाळतो. हात असलेली, गुडघ्याच्या उंचीची साधी लाकडी खुर्ची या बाकापेक्षा कितीतरी बरी.

पाट्यांबद्दल थोडक्यात. ‘रेडिओलॉजी’, ‘पॅथॉलॉजी’ या पाट्या डॉक्टरांसाठी आहेत, त्यांना तर रस्ता माहीतच असतो. आजोबांना हवं ते ‘एक्स-रे’ आणि ‘रक्त तपासणी’. फिकट भिंतीवर गडद मोठी अक्षरं, डोळ्यांच्या उंचीवर, आणि प्रत्येक वळणावर एक. पाटी छताला टांगली की वाकलेल्या पाठीच्या माणसाला ती दिसतच नाही.

खाटेपासून संडासापर्यंतची दहा पावलं

मला विचाराल तर सगळ्या दवाखान्यात महत्त्वाची जागा हीच आहे. ऑपरेशन थिएटर डॉक्टर सांभाळतात. ही दहा पावलं कुणीच सांभाळत नाही.

रात्रीचे दोन वाजलेत. आजोबांना लघवीला जायचंय. कॉट उंच आहे, कारण ती तपासणाऱ्यांना वाकावं लागू नये म्हणून तशी ठेवलेली. पाय जमिनीला टेकत नाहीत. खाली एक लोखंडी स्टूल आहे, पण ते अंधारात पायाने चाचपावं लागतं. हाताला सलाइन, त्याचा स्टँड चाकांचा. तो धरून आजोबा उभे राहतात, आणि चाकं सरकतात. खाली सतरंजीवर कुणाचा तरी मुलगा झोपलेला असतो, त्याला ओलांडायचं. पुढे पाणी सांडलेल्या फरशीवरून संडासापर्यंत जायचं. दाराशी दोन इंचांचा उंबरठा. आत भारतीय पद्धतीचं भांडं, किंवा कमोड असला तर पांढऱ्या टाइल्सच्या पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा कमोड! पिवळसर भिंगातून बघणाऱ्याला तो नेमका कुठे सुरू होतो हेच कळत नाही. धरायला काय? टॉवेल अडकवायची दांडी. ती माणसाचं वजन पेलायला बनवलेलीच नसते.

आता या प्रत्येक पावलावर काय करता येईल ते बघा. कॉट अशा उंचीची, की काठावर बसल्यावर तळवे पूर्ण जमिनीला टेकावेत. (वर-खाली होणारी कॉट असेल तर रात्री ती खाली करून ठेवायची. आठवण लागते, खर्च लागत नाही.) खाटेपासून संडासापर्यंत भिंतीलगत सलग कठडा. जमिनीलगत एक मंद दिवा, डोळ्यांवर न येणारा. उंबरठा काढून तिथे हलका उतार. खरबरीत फरशी. दाराचा रंग भिंतीपेक्षा वेगळा आणि सगळ्या संडासांच्या दारांना तोच एक रंग, म्हणजे अक्षर न वाचता दार ओळखता येतं. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं, कारण माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. कमोडची बैठक जमिनीपासून साधारण ४५ ते ४८ सेंटीमीटर, आणि तिचं झाकण गडद रंगाचं. बाजूला भिंतीत पक्की बसवलेली पकडदांडी, आणि पडल्यावरही हात पोहोचेल अशी घंटेची दोरी.

यातलं सर्वांत महाग काय आहे? फरशी बदलणं असेल कदाचित. बाकीचं सगळं मिळूनही दर्शनी दालनातल्या ग्रॅनाइटच्या खर्चापुढे किरकोळ आहे. तरी ग्रॅनाइट बसतो आणि पकडदांडी राहते, कारण ग्रॅनाइट उद्घाटनाच्या फोटोत येतो. हे कडवट वाटेल, पण मला याहून दुसरं कारण सापडत नाही.

दांडी नसली की काय होतं? आजोबा पडतात, किंवा पडू नयेत म्हणून त्यांना उठूच देत नाहीत. डायपर लावतात, कॉटचे कठडे वर करतात, ‘बाबा, हलायचं नाही’ अशी ताकीद देतात. हे सगळं प्रेमापोटीच होतं. पण स्नायूंना प्रेम कळत नाही. २००७ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवलं होतं. एवढ्याने त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो मांस झडलं. ही माणसं आजारी नव्हती, हे विसरू नका. कॉटचे कठडे वर केल्याने माणूस सुरक्षित होतोच असंही नाही. गोंधळलेला माणूस त्यावरून चढून उतरायला बघतो आणि अधिक उंचीवरून पडतो.

सुरुवातीच्या आजींचं कोडं इथे बरंचसं उलगडतं. त्या आठ दिवस चालल्याच नाहीत, कारण चालता येईल अशी जागाच नव्हती.

क्लीव्हलँडचा वॉर्ड

जागा बदलली तर फरक पडतो, हे कुणी तपासून पाहिलंय का? हो. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटल्समध्ये ज्येष्ठांसाठी एक वेगळा वॉर्ड तयार केला गेला. जमिनीवर गालिचा, व्हरांड्यात कठडे, वाटेत सामान ठेवायचं नाही, मोठी घड्याळं आणि कॅलेंडरं, उंच कमोड, आणि गोल मुठीऐवजी खाली दाबून उघडणाऱ्या दांडीच्या कड्या. त्याच्या जोडीला नर्सिंगची पद्धतही बदलली. रुग्णाने स्वतः उठावं, जेवावं, कपडे बदलावेत यावर रोज लक्ष. औषधांचा फेरविचार. घरी जायची तयारी पहिल्या दिवसापासून.

सत्तरीवरचे ६५१ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एक गट या वॉर्डात, दुसरा नेहमीच्या. १९९५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नेहमीच्या वॉर्डातून २२ टक्के रुग्णांना घरी न जाता दीर्घकालीन शुश्रूषेच्या संस्थेत जावं लागलं, नव्या वॉर्डातून १४ टक्क्यांना. अंघोळ, कपडे, चालणं अशा रोजच्या कामांतही नव्या वॉर्डातले लोक बाहेर पडताना सरस होते.

मुलांना हे सांगताना एक सावधगिरी घ्या. इथे जागा आणि सेवा दोन्ही एकदम बदलल्या होत्या, त्यामुळे ‘कठडे लावले म्हणून एवढे टक्के’ असं म्हणता येणार नाही. विज्ञानाच्या तासाला ‘एका वेळी एकच घटक बदला’ असं आपण शिकवतो, त्यासाठी हे चांगलं उदाहरण आहे. गालिचाही जसाच्या तसा उचलायचं कारण नाही. आपल्या पावसाळ्यात आणि आपल्या वर्दळीत तो आठवड्यात कुबट होईल. खरबरीत फरशी बरी.

घड्याळ, खिडकी आणि चष्मा

दवाखान्यात दाखल झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आजोबा एकाएकी असंबद्ध बोलायला लागतात. ‘बैल सोडले का?’ विचारतात, सलाइन ओढतात, मुलालाच ‘तू कोण?’ म्हणतात. जुनी माणसं याला ‘वात झाला’ म्हणत. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. घरच्यांना वाटतं वेड लागलं. वेड नसतं ते. आजार, ताप, औषधं, पाण्याची कमतरता, मोडलेली झोप आणि अनोळखी जागा यांनी मिळून मेंदूवर आणलेला तो तात्पुरता गोंधळ असतो. असं काही दिसलं तर रात्र असली तरी डॉक्टरांना लगेच सांगायलाच हवं, कारण आत काहीतरी बिघडल्याची ती खूण असू शकते.

यात जागेचा वाटा मोठा आहे. विचार करा, खिडकी नाही, दिवे चोवीस तास चालू, घड्याळ नाही, चष्मा ‘हरवेल म्हणून’ घरी ठेवलेला, श्रवणयंत्र पिशवीत, कवळी डबीत, आणि दर दोन तासांनी कुणीतरी नवीन माणूस येऊन टोचतो. तुम्हा-आम्हालाही वार कोणता ते चार दिवसांत कळेनासं होईल. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या शेरॉन इनूये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरीवरच्या ८५२ रुग्णांवर याचा अभ्यास केला. त्यांनी कोणतंही नवं औषध दिलं नाही. वार-तारीख आणि माणसांची नावं ठळक लिहिलेला फलक, रात्री आवाज कमी, दिवसा चालवणं, चष्मा आणि श्रवणयंत्र जागेवर, वेळेवर पाणी, एवढंच. १९९९ च्या त्यांच्या निष्कर्षानुसार नेहमीच्या पद्धतीत १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, तर या पद्धतीत ९.९ टक्क्यांना.

खिडकीबद्दलचा एक जुना अभ्यास फार सांगितला जातो. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान आहे, आणि तो खास वृद्धांचाही नाही. पण खाट खिडकीकडे वळवायला काय लागतं? दोन माणसं आणि पाच मिनिटं.

आवाजाचं म्हणाल, तर दवाखान्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर आपल्या नियमांत शांतता क्षेत्र आहे. आतला ट्रॉलीचा खडखडाट आणि रात्री दोनला वाजणारे मोबाइल यांच्यासाठी नियम नाही, ते आपणच बघायचं.

कायदा काय म्हणतो

आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा सांगतो, की सरकारी आणि अनुदानित रुग्णालयांत साठ वर्षांवरील सर्वांना शक्यतोवर खाट मिळावी आणि त्यांची रांग वेगळी असावी. २०१०-११ पासून चालू असलेल्या ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात त्यांच्यासाठी बाह्यरुग्ण विभाग आणि दहा खाटांचा वॉर्ड अपेक्षित आहे. वेगळी रांग मागणं म्हणजे वशिला नव्हे. खिडकीवर हे शांतपणे सांगता आलं पाहिजे. आणि रांग वेगळी पण उभं राहायचंच, तर त्या रांगेचा उपयोग अर्धाच. तिथे खुर्च्या मागा.

वर्गात काय करता येईल

पॅट्रिशिया मूर नावाच्या अमेरिकन डिझायनर तरुणीने १९७९ ते १९८२ या काळात ऐंशी वर्षांच्या म्हातारीचं सोंग घेतलं होतं. दिसणं धूसर करणारा चष्मा, कानांत बोळे, पायांना घट्ट पट्ट्या. अशा अवतारात ती अमेरिका आणि कॅनडातल्या शंभराहून अधिक शहरांत फिरली. दार उघडणं, पायरी चढणं, सुटे पैसे मोजणं किती अवघड होतं, हे तिला असं वाचून कळलं नसतं.

हा प्रयोग पाचवीच्या पुढच्या वर्गात सहज होतो. चष्म्याच्या पुठ्ठ्याच्या चौकटीला पिवळा जिलेटीन कागद दोन पदरी लावा. कानांत कापूस. बोटांच्या पेरांवर चिकटपट्टी. गुडघे वाकू नयेत म्हणून भोवती पुठ्ठा बांधा. जोडीला दुसरं मूल हात धरायला हवंच, नाहीतर खरंच कुणी पडेल. मग शाळेच्या जिन्यावरून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, नळ उघडायचा, सूचनाफलक वाचायचा. पहिली पाच मिनिटं हसण्यात जातात, तेवढी जाऊ द्या.

सातवी-आठवीच्या गणिताला याहून सोपं काम आहे. परवानगी काढून, गर्दी नसेल अशा वेळी, चार-पाच मुलांनी टेप घेऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. उताराची उंची आणि लांबी मोजायची, गुणोत्तर काढायचं. बाकाची उंची मोजायची. संडासाच्या दाराची रुंदी मोजायची. चाकाच्या खुर्चीला साधारण ९० सेंटीमीटर मोकळी जागा हवी. आकडे तक्त्यात मांडायचे आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना मराठीत, व्याकरणशुद्ध, तक्रारीचा सूर न लावता पत्र लिहायचं. पत्रलेखनाचे गुण त्यातच देऊन टाका.

पालकांसाठी काम निराळं आहे. घरातलं कुणी ज्येष्ठ दाखल व्हायचं असेल तर पिशवीत फळांबरोबर या वस्तू टाका: चष्मा, श्रवणयंत्र आणि त्याचे सेल, कवळी, मागून पट्टा असलेली न घसरणारी चप्पल, मोठ्या काट्यांचं साधं घड्याळ, छोटी विजेरी आणि घरातला एखादा फोटो. कॉट मिळताना विचारा, संडासाजवळची मिळेल का, खिडकीकडची मिळेल का. डॉक्टर फेरीला आले की औषधांच्या प्रश्नांबरोबर हेही विचारा: ‘आज यांना किती वेळा उठवून चालवायचं?’